खाऱ्या टाकीतले शेवाळ आणि वऱ्हाडचे पाणी

अकोल्याहून समुद्र गाठायचा तर रेल्वेने शेकडो किलोमीटर प्रवास करावा लागतो. तरी आज अकोल्यात किंवा अमरावतीत घरच्या बैठकीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडणे अशक्य राहिलेले नाही. समुद्री मीठ पिशवीतून घरपोच येते, हॅचरीत वाढवलेले क्लाउनफिश मिळतात, निळे एलईडी दिवे मागवता येतात. पहिले काही आठवडे सगळे छान दिसते. मग वाळूवर तपकिरी थर धरतो, पाठोपाठ दगडांवर हिरवे केस उगवतात आणि एखाद्या दुपारी या सगळ्यावर लालसर-जांभळी साय पसरलेली दिसते.

इथे हौशी माणूस बहुधा दोनपैकी एक गोष्ट करतो. टाकी रिकामी करून घासून काढतो, नाहीतर दुकानातून औषधाची बाटली आणतो. दोन्ही उपायांनी शेवाळ जाते आणि दोन्हींनंतर परत येते, कारण ते ज्याच्यावर पोसले गेले ते पाण्यातच राहिलेले असते. शेवाळ आटोक्यात ठेवायचे तर टाकीत काय जाते, त्यातले काय साचते आणि साचलेले कोण खाते, या तिन्हींवर लक्ष ठेवावे लागते. वऱ्हाडात या तिन्हींत पहिल्याचा, म्हणजे पाण्याचा, वाटा सर्वांत मोठा आहे.

आधी ओळख पटवा

टाकीत जे जे उगवते त्या सगळ्याला आपण शेवाळ म्हणतो. पण त्यात निरनिराळ्या कुळांचे जीव असतात आणि प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

नव्या टाकीत वाळूवर आणि काचेवर बसणारी तपकिरी भुकटी म्हणजे डायटम. यांचे कवच सिलिकाचे असते, त्यामुळे पाण्यात विरघळलेली सिलिका असेपर्यंत ते वाढतात. ती संपली की बहुतेक वेळा आपोआप ओसरतात. दगडाला चिकटून लांब वाढणारे हिरवे धागे हे खरे शेवाळ. त्यांना नत्र, स्फुरद आणि प्रकाश मिळाला की ते थांबत नाहीत. हिरव्या काचेच्या गोट्यांसारखे टणक फुगे दिसले तर ते व्हॅलोनिया. ते टाकीतच फोडू नयेत, दगड बाहेर काढून सोडवावेत.

लाल-जांभळी साय हे मुळात शेवाळच नाही. तो सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर अन्न तयार करणारा जिवाणू. त्याची ओळख सोपी आहे. दुपारी दिवे भरात असताना त्या थराखाली ऑक्सिजनचे बुडबुडे अडकलेले दिसतात, आणि नळीने ओढले तर अख्खा थर चादरीसारखा उचलून येतो. यातल्या काही जाती हवेतून पाण्यात विरघळलेला नत्रवायू थेट वापरतात. त्यामुळे पाण्यातले नायट्रेट कितीही खाली आणले तरी त्या उपाशी मरत नाहीत. तपकिरी, बुळबुळीत, तारेसारखी लोंबणारी आणि टोकाशी बुडबुडे धरणारी घाण दिसली तर ते डायनोफ्लॅजेलेट. हे सर्वांत चिवट, आणि त्यांचा उपाय बाकीच्यांच्या उलट आहे. तो पुढे येईल.

काही शेवाळ मात्र हवेहवेसे असते. दगडांवर बसणारा गुलाबी-जांभळा टणक थर हे कोरलाइन शेवाळ. ते स्वतःच्या अंगात चुना साठवते आणि खऱ्या समुद्रात प्रवाळखडकाचे तुकडे एकमेकांना जोडून धरते. याहून मोठी गोष्ट अशी की प्रवाळाच्या पेशींच्या आतच सूक्ष्म शैवाल राहते. उन्हावर साखर तयार करून ते प्रवाळाला पोसते, आणि प्रवाळाच्या रंगातला मोठा भाग त्याचाच असतो. पाणी फार तापले की प्रवाळ त्याला बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. म्हणजे शेवाळ मुळासकट नाहीसे झाले तर प्रवाळखडकच उरणार नाहीत. टाकीतही त्याला नाहीसे करायचे नसते, त्याला त्याच्या जागेत ठेवायचे असते.

नत्र-स्फुरद येते कुठून

शेतकरी ज्याला नत्र-स्फुरद म्हणतो, तेच शेवाळाचे खत. टाकीत ते दोन वाटांनी येते: माशांच्या खाद्यातून आणि भरायच्या पाण्यातून.

खाद्याचे गणित करून पाहू. कोरड्या खाद्यात साधारण एक टक्का स्फुरद असते असे धरा. म्हणजे एक ग्रॅम खाद्यात १० मिलिग्रॅम स्फुरद. पाण्यात उतरल्यावर ते फॉस्फेटच्या रूपात सुमारे ३० मिलिग्रॅम भरते. टाकी २०० लिटरची असेल तर दर लिटरला ०.१५ मिलिग्रॅम. रीफ टाकीत, म्हणजे प्रवाळखडकावरचे जीव ठेवलेल्या टाकीत, फॉस्फेट लिटरमागे ०.०३ ते ०.१ मिलिग्रॅमच्या दरम्यान ठेवावे असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे एका ग्रॅमचे खाद्य पाण्यात पूर्ण विरघळले तर तेवढ्यानेच आपण मर्यादेबाहेर जातो. म्हणून मासे दोन मिनिटांत संपवतील एवढेच खाद्य द्यावे. गोठवलेले खाद्य गाळणीत धुवून, त्याचे पाणी फेकून द्यावे. घरातली मुले येता-जाता चिमूट-चिमूट टाकत असतील तर ती चिमूट एका माणसाच्या हाती ठेवावी.

आता पाणी. अकोला शहराला महानच्या काटेपूर्णा धरणातून पाणी मिळते, अमरावतीला अप्पर वर्ध्यातून. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, आणि बेसाल्टच्या काळ्या खडकावरून झिरपत आलेल्या पाण्यात थोडीफार सिलिकाही असते. घरची बोअर किंवा विहीर असेल तर प्रश्न वाढतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या २०२४ च्या अहवालात भूजलात नायट्रेट फार वाढलेल्या देशातील जिल्ह्यांमध्ये अमरावती, बुलढाणा, यवतमाळ आणि वर्धा ही आपली नावे आहेत. कपाशीला, संत्र्याला दिलेल्या युरियाचा न वापरला गेलेला भाग, शौचालयांचे शोषखड्डे आणि गोठ्यांचा निचरा हेच ते नायट्रेट जमिनीत पोचवतात. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरमागे ४५ मिलिग्रॅम आहे. रीफ टाकीत ते दहाच्या खाली ठेवायचे असते. म्हणजे आपल्याला पिण्यास योग्य ठरलेले पाणीही टाकीसाठी खत असू शकते.

दर आठवड्याला एक पंचमांश पाणी बदलण्याचा सल्ला सगळेच देतात. टाकीत नायट्रेट ४० असेल आणि नवे पाणी स्वच्छ असेल तर ते ३२ वर येते. नव्या पाण्यातच २० असेल तर ३६ वरच येते, आणि कितीही वेळा बदलले तरी २० च्या खाली कधीच जात नाही.

म्हणून खाऱ्या टाकीची पहिली खरेदी माशांची नसावी. ती पाणी गाळणाऱ्या आरओची आणि त्याला जोडलेल्या, उरलेले क्षार पकडणाऱ्या डीआय रेझिनची असावी. घरचे पिण्याचे आरओ पुरत नाही, कारण पाण्याला चव राहावी म्हणून त्यात बहुधा थोडे मूळ पाणी परत मिसळण्याची सोय असते. गल्लीत येणाऱ्या थंड पाण्याच्या कॅनचेही तसेच. वीस-तीस लिटर पाणी भरल्यावर विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरची टोके त्यात बुडवा. आकडा शून्यावर स्थिरावला पाहिजे. दोन किंवा तीन दिसायला लागले की रेझिन बदलायची वेळ झाली, कारण आरओच्या पडद्यातून निसटणारी सिलिका अडवण्याचे काम तेच रेझिन करते.

खारपाणपट्ट्याचे पाणी का चालत नाही

दर्यापूर, अकोट, तेल्हारा, मूर्तिजापूर, शेगाव या भागातला माणूस साहजिकच विचारेल की आमच्या विहिरीचे पाणी आधीच खारे आहे, मग मीठ विकत कशाला घ्यायचे? पूर्णा नदीच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलढाणा जिल्ह्यांतल्या आठशेहून अधिक गावांतून जातो. इथल्या लोकांनी त्या पाण्याची मोठी किंमत मोजली आहे. अकोट-तेल्हारा भागातल्या चौऱ्याऐंशी खेड्यांसाठी लांबून पाणी आणणारी योजना करावी लागली ती याच कारणाने.

पण हे खारेपण समुद्राचे नाही. एक किलो समुद्राच्या पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात आणि त्यांचे परस्पर प्रमाण जगभर जवळजवळ सारखेच असते: क्लोराइड सुमारे १९ ग्रॅम, सोडियम पावणेअकरा ग्रॅम, सल्फेट २.७ ग्रॅम, मॅग्नेशियम १.३ ग्रॅम, आणि कॅल्शियम व पोटॅशियम प्रत्येकी सुमारे ०.४ ग्रॅम. खारपाणपट्ट्यातले पाणी समुद्राच्या मानाने कितीतरी कमी खारट असते आणि त्यात घटकांची वाटणीही वेगळी असते. हरियाणात खाऱ्या भूजलावर कोळंबी वाढवताना हाच अडसर आला. तिथल्या पाण्यात पालाश, म्हणजे पोटॅशियम, फार कमी होते. केंद्रीय मात्स्यिकी शिक्षण संस्थेच्या रोहतक केंद्राने या प्रश्नावर काम केले आणि पाण्यात पालाश मिसळल्यावर त्या खाऱ्या जमिनीत कोळंबीची तळी उभी राहिली. प्रवाळखडकावरचे जीव कोळंबीपेक्षा कितीतरी नाजूक आहेत. त्यांच्यासाठी शून्य टीडीएसचे पाणी आणि त्यात लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम समुद्री मीठ हीच सुरक्षित वाट. २०० लिटरला सात किलो लागते. स्वयंपाकाचे मीठ त्या जागी चालत नाही.

वऱ्हाडचा उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा टाकीपुढे दोन संकटे एकदम उभी राहतात, तापमान आणि बाष्पीभवन. दोन्ही शेवाळाच्या पथ्यावर पडतात.

टाकीचे पाणी २५ ते २७ अंशांवर राहावे. तिशी ओलांडली की माशांचा दम कोंडू लागतो. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी विरघळतो, आणि खाऱ्या पाण्यात तो गोड्याहून मुळातच कमी असतो. आपली हवा कोरडी असते हा मात्र फायदा आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर लहान पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंशांनी उतरते. खोलीत कूलर चालू असेल तर हवा दमट होते आणि हा परिणाम घटतो. तेव्हा कूलरची हवा थेट टाकीकडे वळवण्यापेक्षा खोलीची खिडकी थोडी उघडी ठेवणे चांगले. तेवढ्याने भागले नाही तर चिलर घ्यावाच लागतो.

पंखा चालू केला की दिवसाला दोन-तीन लिटर पाणी सहज उडते. मीठ मात्र मागेच राहते. म्हणून ही तूट नेहमी बिनमिठाच्या पाण्याने भरायची. इथेच बहुतेकांची गफलत होते. आठवड्याचे मोठे पाणी ते आरओचे वापरतात आणि रोजची तूट नळाच्या मगाने भरतात. त्या पाण्यात लिटरमागे २० मिलिग्रॅम नायट्रेट असेल आणि रोज तीन लिटर घातले जात असेल, तर दिवसाला ६० मिलिग्रॅम आत गेले. २०० लिटरच्या टाकीत ते लिटरमागे ०.३ झाले, महिन्याला ९. उडते ते निव्वळ पाणी, बाकी सगळे साचत जाते. एका उन्हाळ्यात एवढ्यानेच टाकी हिरवी होते.

वीज गेली की पंप थांबतो. अशा वेळी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी असावा. तीन-चार तास पाणी हललेच नाही तर वाळूतले आणि दगडांतले जीव गुदमरतात. मेलेले जीव कुजून अमोनिया होतो आणि तो पुढे नायट्रेट बनून शेवाळाच्याच पदरात पडतो. त्याचप्रमाणे टाकी खिडकीजवळ ठेवू नये. आपल्याकडचे सकाळचे तासभर ऊनही पाणी तापवते आणि शेवाळाला फुकट प्रकाश देते. दिवे टायमरवर आठ तास पुरेत.

उपसून काढा

आत येणारे कमी केले तरी साचलेले बाहेर काढावेच लागते, आणि त्यात हाताने काढण्याला तोड नाही. दिवे बंद करून पंप थांबवा. एका हातात पातळ नळी, दुसऱ्या हातात जुना टूथब्रश. नळीचे तोंड ब्रशच्या अगदी शेजारी धरून दगडावरचे केस मुळाशी घासा, म्हणजे सुटलेला प्रत्येक धागा पाण्यात भरकटण्याआधी नळीत जाईल. बादलीच्या तोंडावर दाट कापड बांधले तर धागे अडकतात आणि गाळलेले पाणी परत वापरता येते. बादलीवर जमलेला तो हिरवा बोळा मुठीत पिळून पाहा. त्यात अडकलेले नत्र-स्फुरद आता टाकीत परत जाणार नाही. नळी न लावता नुसतेच घासले तर तुटलेले धागे नव्या जागी रुजतात. पऱ्हाटीत निंदण करून उपटलेले तण तिथेच ओल्या सरीत टाकले तर ते पुन्हा धरते, तसेच हे.

यंत्रांत सर्वांत उपयोगी प्रोटीन स्किमर. खाऱ्या पाण्यात हवेचे अतिबारीक बुडबुडे होतात आणि विष्ठा, उरलेले अन्न यांतले सेंद्रिय कण त्या बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात. वरच्या कपात जमलेले ते काळपट, घाण वासाचे पाणी कुजण्याआधीच टाकीबाहेर पडते, हेच त्याचे मोल. फॉस्फेट शोषून घेणारे लोखंडाच्या ऑक्साइडचे दाणेही मिळतात. ते थोडे-थोडेच वापरावेत. चुनखडीचे दगड फॉस्फेट स्वतःत धरून ठेवतात आणि पाण्यातले कमी होताच हळूहळू परत सोडतात. म्हणून परिणाम दिसायला आठवडे लागतात. तेवढ्यात घाबरून मात्रा वाढवू नये.

तिसरा मार्ग सर्वांत सुंदर आहे: शेवाळानेच शेवाळावर मात करणे. अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतले वॉल्टर एडी प्रवाळखडकांवरच्या शेवाळाचा अभ्यास करत होते. त्यांच्या लक्षात आले की खडकावरचे आखूड शेवाळ पाण्यातली पोषकद्रव्ये फार झपाट्याने ओढते आणि ते सतत खाल्ले जाते म्हणून समुद्र स्वच्छ राहतो. त्यावरून त्यांनी खडबडीत जाळीवरून पाणी वाहवायचे, जाळीवर जोरदार प्रकाश सोडायचा आणि उगवलेले शेवाळ ठरावीक दिवसांनी खरवडून फेकायचे, अशी पद्धत बसवली. पुढे शेतांतून वाहून येणाऱ्या पाण्यातले नत्र-स्फुरद काढण्यासाठीही ती वापरली गेली. घरी हेच काम टाकीखालच्या वेगळ्या कप्प्यात किटोमॉर्फा नावाचे तारेच्या गुंडाळ्यासारखे शेवाळ वाढवून करता येते. त्याचा दिवा रात्री लावायचा. महिन्यातून एकदा त्यातले अर्धे काढून टाकले की वरच्या टाकीतल्या शेवाळाच्या वाट्याला उरतेच थोडे.

खाणारे हवेत

खाणाऱ्या प्राण्यांचे महत्त्व जगाला कॅरिबियन समुद्राने फार कठोरपणे शिकवले. तिथे डायडेमा नावाचा लांब काळ्या काट्यांचा अर्चिन प्रवाळखडकांवरचे शेवाळ कुरतडत असे. १९८३ च्या जानेवारीत पनामाजवळ तो एका रोगाने मरू लागला आणि वर्षभरात जवळजवळ सगळ्या कॅरिबियनमध्ये त्यातले नव्वद टक्क्यांहून अधिक नाहीसे झाले. जमैकात शेवाळ खाणारे मासे आधीच मासेमारीने संपत आले होते. त्यामुळे शेवाळाला अडवायला कोणीच उरले नाही. प्रवाळांचे अभ्यासक टेरी ह्यूज यांनी १९९४ मध्ये मांडलेल्या आकड्यांनुसार जमैकाच्या खडकांवरचे जिवंत प्रवाळ पन्नास टक्क्यांहून अधिक होते ते तीन टक्क्यांच्या आसपास आले, आणि शेवाळ चार टक्क्यांवरून नव्वदच्या पुढे गेले.  खाणारे गेले आणि शेवाळाला रान मोकळे झाले.

टाकीत हे काम गोगलगायी, लहान संन्यासी खेकडे आणि दगड खरवडणारे ब्लेनी मासे करतात. रात्री टॉर्च घेऊन काच जवळून पाहा. गोगलगाय आपली दातेरी जीभ काचेवर घासत पुढे जाते आणि मागे हिरव्या थरात नागमोडी स्वच्छ रेघ सोडते. सेरिथ जातीच्या लहान गोगलगायी दिवसा वाळूत शिरतात आणि वाळूही हलवत राहतात. मात्र लांब वाढलेले केस बहुतेक गोगलगायी खात नाहीत. आधी हाताने ते आखूड करून द्यावे लागतात, मग त्या राखण करतात. आणि त्या खातात ते विष्ठेतून पाण्यातच परत येते, म्हणून त्यांच्या भरवशावर पाणी बदलणे थांबवता येत नाही.

इथे एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, सी फॅन, समुद्री घोडे आणि समुद्री काकड्या अनुसूची १ मध्ये आहेत, म्हणजे वाघाइतके संरक्षित. ट्रोकस निलोटिकस आणि टर्बो मार्मोरॅटस या मोठ्या शंखांनाही कायद्याचे संरक्षण आहे. तेव्हा परदेशी चित्रफितीत दिसते तशी कठीण प्रवाळांची टाकी भारतात घरी ठेवता येत नाही. प्रवाळाचे दगडही घेऊ नयेत. कृत्रिम दगड, हॅचरीत जन्मलेले मासे आणि कायद्याने मोकळे असलेले प्राणी एवढ्यावरही टाकी देखणी होते. केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या अनेक जातींची पैदास यशस्वी केली आहे. दुकानदाराला मासा हॅचरीतला आहे का, हे विचारायचेच. आपल्या राज्याकडे मालवणच्या सागरी अभयारण्यात आणि विजयदुर्गपासून शंभरेक किलोमीटर समुद्रात बुडालेल्या आंग्रिया बँकेवर जेवढे प्रवाळ आहेत, तेवढे तिथेच राहिले पाहिजेत.

औषध आणि लोणारचा धडा

संत्र्याच्या बागांमुळे अमरावती-वरुडकडे मोरचूद घरोघरी असते. बोर्डो मिश्रणासाठी ते लागते, आणि शेततळ्यातले शेवाळ मारायलाही अनेक जण वापरतात. खाऱ्या टाकीत ते कधीही घालू नये. मोरचूद म्हणजे तांबे, आणि गोगलगायी, कोळंबी, अर्चिन यांना तांब्याचा अंशही मारक ठरतो. दगड आणि वाळू ते शोषून ठेवतात, म्हणून नंतर कितीही पाणी बदलले तरी ते पूर्ण जात नाही. शेवाळनाशकाच्या बाटलीवर तांबे लिहिलेले नाही ना, हे आधी पाहावे. सायनोबॅक्टेरियासाठी काही जण प्रतिजैविके वापरतात. तो थर एकदम मरून कुजला की रात्रीत ऑक्सिजन घटतो आणि मासे जातात. आणि जे सायनोला पोसत होते ते तसेच राहिल्याने त्याची जागा दुसरे कोणी घेते.

जागा कोण घेतो हे पाहायचे तर वऱ्हाडातच लोणार आहे. बेसाल्टच्या खडकात उल्कापाताने झालेल्या या विवरातले पाणी खारे आणि अतिशय अल्कधर्मी आहे, सामू दहाच्या आसपास. अशा पाण्यात मासे सहसा तगत नाहीत. तरी ते पाणी एरवी हिरवे असते, कारण स्पिरुलिनाच्या कुळातल्या आर्थ्रोस्पायरा या सायनोबॅक्टेरियाला तसेच पाणी मानवते. जून २०२० मध्ये पाण्याची पातळी खूप खाली गेली, खारेपण वाढले आणि सरोवर गुलाबी झाले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितले की हा रंग क्षारात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचा आहे. पुढे पाऊस पडला, पाणी पातळ झाले आणि हिरवा रंग परतला. कोणी काही मारले नव्हते. पाण्याची घडण बदलली आणि त्याबरोबर त्यातला मुख्य रहिवासी बदलला. टाकीतही हेच घडते, फक्त आठवड्या-दोन आठवड्यांत.

शून्याचा हट्ट नको

एवढे वाचून काही जण नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायला निघतील. ते करू नये. नेमक्या अशाच उपाशी पाण्यात इतर सगळे मागे पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट माजतात. ते आले तर पाणी बदलणे कमी करून नायट्रेट-फॉस्फेट थोडे वर येऊ द्यावे लागते. नायट्रेट दोन ते दहा आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ हा पट्टा धरून राहावे.

चाचणीच्या बाटलीतला शून्यही नीट वाचला पाहिजे. दगडभर हिरवे केस असताना फॉस्फेट शून्य दाखवत असेल तर फॉस्फेट नाही असे नव्हे. जे येते ते शेवाळ लगेच गिळते, म्हणून पाण्यात उरत नाही. अशा वेळी आकड्यापेक्षा दगडावर विश्वास ठेवावा.

आणि नव्या टाकीला वेळ द्यावा. अमोनियाचे नायट्रेट करणारे जिवाणू बसायला महिना-दीड महिना लागतो. डायटम, मग हिरवे, मग थोडे सायनो ही रांग पहिल्या काही महिन्यांत बहुतेक प्रत्येक टाकीत लागते. या काळात मासे थोडे, खाद्य थोडे, प्रकाश थोडा आणि पाणी शून्य टीडीएसचे, एवढे पाळले तर पुढे दगडांवर गुलाबी कोरलाइनचे ठिपके उमटू लागतात. जागा त्यांनी व्यापली की केसांना रुजायला जागा कमी पडते. दर दोन दिवसांनी नवा उपाय करणाऱ्याची टाकी मात्र कायम पहिल्या महिन्यातच राहते.

टाकीतून नदीकडे

१३ जानेवारी २०१८ रोजी अकोलेकर शहरातून वाहणाऱ्या मोर्णा नदीत उतरले आणि त्यांनी हातांनी जलकुंभी काढली. त्याच महिन्यात पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्ये या मोहिमेचा उल्लेख करताना सहा हजारांहून अधिक नागरिक आणि शंभरहून अधिक संस्था तिच्यात उतरल्याचे सांगितले. ते काम मोठे होते आणि अकोल्याने त्याचा अभिमान बाळगावा. पण पुढच्या वर्षांत जलकुंभी परत आली, कारण शहराचे सांडपाणी नदीत येतच राहिले. नदीतल्या जलकुंभीचे खत आणि टाकीतल्या हिरव्या केसांचे खत एकच: नत्र आणि स्फुरद. उपसणे गरजेचेच आहे, पण त्याने आत येणारे थांबत नाही.

घरच्या शंभर-दोनशे लिटरमध्ये जो माणूस हे हाताने शिकतो, त्याला मोर्णेसाठी काय मागायचे हे कळते: सांडपाण्यावर प्रक्रिया, नाल्यांची तोंडे बंद करणे आणि शेतात गरजेपुरताच युरिया. शाळांमधून, महाविद्यालयांच्या प्राणिशास्त्र विभागांतून अशी एखादी टाकी नीट चालवली गेली तर विद्यार्थ्यांना ती मासे दाखवेल आणि पाणी कशाने बिघडते व कशाने सुधारते तेही दाखवेल. वऱ्हाडाला या दुसऱ्या शिक्षणाची नितांत गरज आहे.